सप्टेंबरात विमान पकडलं, मग भारतातल्या रिटर्नचं काय?

ज्यांना हा भाग पूर्ण ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे त्याचं लिखित रूप. बोलताना आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे ते नीट मांडले आहेत.

जुलै जवळ आला की मला एकाच छापाचे व्हॉइस नोट येतात. कोणी म्युनिकला, कोणी दुबईला, कोणी लंडनला. मूळ गाव चिखली, मेहकर, नाहीतर नांदुरा. प्रश्न ठरलेला: ‘दादा, मी आता एनआरआय झालो ना? मग भारतातलं रिटर्न भरायचं काम संपलं ना?’

ज्या वर्षात तुम्ही देश सोडला, त्या वर्षापुरतं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही, संपलं नाही’ असंच येतं. कारण आयकर खातं तुमचा व्हिसा बघत नाही, पासपोर्टचा रंग बघत नाही. ते दोन गोष्टी बघतं. १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होतात, आणि गेलात ते कशासाठी गेलात. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की फॉर्म, कर, रिफंड हे सगळं आपोआप उलगडतं.

आज आपण २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं रिटर्न धरून बोलू. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय, पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानुसारच भरायचं आहे. तेव्हा कलमांचे जुने नंबरच लक्षात ठेवा.

एकच विमान, दोन उत्तरं

समजा, आपल्या जिल्ह्यातले दोघं जण २० सप्टेंबर २०२५ ला मुंबईहून फ्रँकफर्टच्या विमानात बसले. मलकापूरहून मुंबईची गाडीही दोघांनी एकत्रच पकडली. एक जण पुण्यातली नोकरी सोडून जर्मनीतल्या नोकरीवर निघालाय. दुसरी एमएस करायला निघालीय. १ एप्रिलपासून मोजलं तर दोघांचेही भारतातले दिवस १७३ भरतात. निघायचा दिवसही मी धरलाय. तसंच धरा, पुढे वाद होत नाही.

आता नियम बघा. वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असाल तर तुम्ही ‘रेसिडेंट’, म्हणजे निवासी. १८२ भरत नसतील तर दुसरी चाळणी लागते: या वर्षात ६० किंवा जास्त दिवस भारतात होतात, आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा जास्त दिवस होतात, तरीही तुम्ही रेसिडेंटच. जन्मापासून बुलढाण्यात राहिलेल्या माणसाचे चार वर्षांत ३६५ दिवस कधीच भरलेले असतात.

पण या दुसऱ्या चाळणीला एक सवलत आहे. भारतीय नागरिक परदेशात नोकरीसाठी देश सोडत असेल, तर त्या वर्षापुरते ६० च्या जागी १८२ दिवस धरतात. ही सवलत नोकरीसाठी जाणाऱ्याला आहे. शिकायला जाणाऱ्याचं नाव तिथे नाही.

म्हणून त्याच विमानातला नोकरीवाला २०२५-२६ साठी ‘नॉन-रेसिडेंट’ झाला, आणि शिकायला गेलेली मुलगी ‘रेसिडेंट’च राहिली. सीट शेजारी-शेजारी, पण कराच्या हिशोबात ती भारतात आणि तो बाहेर.

नोकरीवाल्यांसाठी तारीख लक्षात ठेवा: २८ सप्टेंबर. त्या दिवशी निघालात तर १८१ दिवस होतात. २९ ला निघालात तर १८२, म्हणजे रेसिडेंट. नोकरीचं पत्र, व्हिसा, बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याचा फोटो हे एका फोल्डरमध्ये ठेवून द्या. दिवस सिद्ध करायची वेळ आली तर हेच कागद कामाला येतात.

नॉन-रेसिडेंट झालो, मग काय फायदा, काय तोटा?

नॉन-रेसिडेंटला भारतात फक्त भारतातल्या उत्पन्नावर कर. जर्मनीतला ऑक्टोबरपासूनचा पगार इथे दाखवायचाच नाही. हा मोठा फायदा. पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

आपल्या नोकरीवाल्याचा पुण्यातला पगार महिना १,२०,००० समजा. एप्रिल ते ऑगस्ट असे पाच महिने त्याला पगार मिळाला, म्हणजे ६ लाख. कंपनीनं टीडीएस कापताना धरलं की हा वर्षभर राहणार, म्हणजे १४.४ लाख. नव्या करप्रणालीत ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं की १३.६५ लाख उरतात, त्यावर सेससकट वर्षाचा कर ८८,१४०. महिन्याला ७,३४५ कापले. पाच महिन्यांत ३६,७२५.

आता खरा हिशोब. ६ लाखांतून ७५,००० गेले, उरले ५.२५ लाख. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. वरच्या १.२५ लाखांवर ५ टक्के, म्हणजे ६,२५०. त्यावर ४ टक्के सेस २५०. एकूण ६,५००.

तुम्ही म्हणाल, १२ लाखांपर्यंत तर कर शून्य आहे ना? शून्य होतो तो कलम ८७ए च्या सवलतीमुळे, आणि ती सवलत फक्त रेसिडेंटला मिळते. नॉन-रेसिडेंटला नाही. म्हणून याला ६,५०० भरावेच लागतात. तरीही कापलेल्या ३६,७२५ मधून ३०,२२५ रुपये परत येतात. पण कधी? रिटर्न भरलं तरच. ‘मी आता एनआरआय, मला काय करायचंय’ म्हणून बसलात, तर ते पैसे सरकारकडेच राहतात.

उलटही होतं. पगार महिना एक लाख असता तर कंपनीनं ‘वर्षाचे १२ लाख, कर शून्य’ असं धरून काहीच कापलं नसतं. पण नॉन-रेसिडेंट म्हणून ५ लाखांच्या पगारावर १,३०० रुपये कर निघाला असता. रक्कम छोटी, पण नोटीस यायला तेवढी पुरते.

फॉर्म कोणता? आयटीआर-१ नॉन-रेसिडेंटला चालत नाही. आयटीआर-२ भरायचा. त्यात कोणत्या देशात राहता आणि तिथला टॅक्स नंबर काय, हे विचारतात. जर्मनीत असाल तर घरी टपालानं आलेला स्टॉयर-आयडी जपून ठेवा.

शिकायला गेलेल्यांनो, हा भाग दोनदा वाचा

विद्यार्थ्यांना वाटतं, ‘माझं उत्पन्नच नाही, मला कशाला रिटर्न?’ नेमकी इथेच गाडी अडकते.

जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडावं लागतं. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे आणि महिन्याला ९९२ युरो काढायचे. ते खातं तुमच्या नावावर असतं, आणि परदेशात असतं. भारतातला रेसिडेंट, ज्याला पूर्ण अर्थानं ‘रेसिडेंट अँड ऑर्डिनरिली रेसिडेंट’ म्हणतात, त्याचं परदेशात बँक खातं असेल तर उत्पन्न शून्य असलं तरी रिटर्न भरणं बंधनकारक आहे. आयुष्यभर इथे राहिलेली आपली विद्यार्थिनी याच गटात येते.

तिला आयटीआर-२ मध्ये ‘शेड्यूल एफए’ नावाचा तक्ता भरावा लागतो. खातं कुठल्या बँकेत, कधी उघडलं, वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम किती, शेवटची शिल्लक किती, व्याज किती, असं सगळं. यात एक गंमत आहे: हा तक्ता आर्थिक वर्षाचा नसतो, कॅलेंडर वर्षाचा असतो. २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ या काळातली खाती दाखवायची. जूनमध्ये बुलढाण्यातून उघडलेलं ब्लॉक्ड अकाउंट आणि ऑक्टोबरात तिकडे उघडलेलं रोजच्या वापराचं खातं, दोन्ही आली.

नाही दाखवलं तर? काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून थोडा दिलासा मिळालाय: घर-जमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपेक्षा जास्त नसेल तर तो दंड लागत नाही. पण दंड टळला म्हणून तक्ता भरायची जबाबदारी टळत नाही. आणि लपून राहील असंही समजू नका. जर्मनी असो वा दुबई, तिथल्या खात्यांची माहिती देशादेशांच्या करारानुसार दरवर्षी भारताकडे येते.

तिकडे पार्टटाइम काम केलंत, तर मार्चपर्यंतची ती कमाईसुद्धा या वर्षी भारतात दाखवायची. घाबरू नका, रेसिडेंट असल्यामुळे १२ लाखांपर्यंतची ८७ए ची सवलत तुम्हाला आहे. कर बहुधा शून्यच येईल, पण रकाना कोरा ठेवायचा नाही. पुढच्या वर्षी तुम्ही वर्षभर तिकडेच असाल तर नॉन-रेसिडेंट व्हाल, आणि शेड्यूल एफए ची कटकट संपेल.

बाबांचे वीस हजार

आता घरच्यांचं. समजा वडिलांनी सोयाबीन आणि तुरीच्या पैशांतून, कर्ज न काढता, शिक्षणासाठी वर्षात १४ लाख बाहेर पाठवले. २०२५-२६ मध्ये स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर १० लाखांच्या वर ५ टक्के टीसीएस होता. म्हणजे ४ लाखांवर २०,००० रुपये बँकेनं कापले. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले असतील तर टीसीएस नाही.

टीसीएस म्हणजे आगाऊ कापून ठेवलेला कर, पैसे बुडाले असं नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. वडिलांना दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर हे २०,००० पूर्ण परत मिळतात. पण त्यासाठी वडिलांना स्वतःच्या पॅनवर रिटर्न भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरा. ‘शेतकऱ्याला कशाचं रिटर्न’ म्हणून आपल्याकडे हे पैसे सोडून दिले जातात. वीस हजारात बियाणं आणि खताचा किती भार उचलला जातो, ते घरी विचारून बघा.

पैसे कोणाच्या खात्यातून गेले तेही बघा. ज्याच्या पॅनवर टीसीएस, त्यानंच मागायचा. वडिलांच्या पॅनवर कापलेला टीसीएस मुलीनं आपल्या रिटर्नमध्ये मागून चालत नाही.

दुबईला तीन आठवडे उशिरा

तिसरं उदाहरण आखाताचं. खामगावचा एक इंजिनियर समजा. त्याचा व्हिसा लांबला आणि तो २० ऑक्टोबर २०२५ ला दुबईला गेला. दिवस मोजा: २०३. नोकरीसाठी गेला तरी १८२ ओलांडले, म्हणजे या वर्षी रेसिडेंट. रेसिडेंटला जगभरातल्या उत्पन्नावर भारतात कर.

एप्रिल ते सप्टेंबर इथला पगार महिना ५०,००० प्रमाणे ३ लाख. नोव्हेंबर ते मार्च तिकडचा पगार रुपयांत महिना २.२ लाख प्रमाणे ११ लाख. एकूण १४ लाख, वजा ७५,०००, राहिले १३.२५ लाख. कर ७८,७५०, सेस ३,१५०, एकूण ८१,९००. दुबईत पगारावर आयकर नाही, त्यामुळे तिकडे भरलेला कर इथे वजा करायचा प्रश्नच येत नाही. हाच माणूस २८ सप्टेंबरपर्यंत गेला असता, तर दुबईचा पगार हिशोबात आलाच नसता आणि इथल्या ३ लाखांवर कर शून्य झाला असता.

वर अॅडव्हान्स टॅक्सचं प्रकरण आहे. टीडीएस कापला गेला नाही आणि देणं १०,००० किंवा जास्त असेल, तर कर वर्षातच हप्त्यांनी भरायचा असतो. शेवटचा हप्ता १५ मार्चचा. नाही भरला तर महिना १ टक्का दरानं व्याज लागतं.

याचा अर्थ रेसिडेंट होणं म्हणजे नेहमी तोटाच, असं मात्र नाही. तिकडचा पगार महिना एक-सव्वा लाखाच्या घरात असता तर एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत राहिलं असतं, ८७ए लागू झालं असतं आणि कर शून्य. फक्त शेड्यूल एफए मध्ये दुबईचं खातं दाखवावं लागलं असतं. म्हणून तारीख ऐकून घाबरू नका, पूर्ण हिशोब मांडा.

ऑक्टोबरनंतर जर्मनी, ब्रिटनसारख्या कर घेणाऱ्या देशात गेलात तर तिकडे कापलेला आयकर भारतातल्या करातून वजा होतो. त्यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरायचा. रिटर्नच्या आधी भरलेला बरा. लक्षात घ्या, जर्मन पगारपत्रकावर पेन्शन आणि आरोग्य विम्याची कपात असते, ती आयकर नाही. ‘लोनस्टॉयर’ या ओळीतली रक्कम म्हणजे आयकर. रुपयांत बदलायला स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट वापरतात, आणि तोही आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. अशा वर्षी रक्कम मोठी असते, आणि दोन देशांच्या करारातही वाटा निघू शकतात. इथे सीएची फी वाचवू नका.

तिकडच्या देशाचं वर्ष वेगळं

जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. २०२५ साठी तिथे १२,०९६ युरोपर्यंतचं उत्पन्न करमुक्त होतं. तुम्ही ऑक्टोबरात रुजू झालात तरी कंपनी दर महिन्याला वर्षभराच्या हिशोबानं कर कापते. म्हणून पहिल्या वर्षी तिकडचं रिटर्न भरलं तर बऱ्याचदा पैसे परत येतात. पण त्यात त्याच वर्षातलं भारतातलं उत्पन्न सांगावं लागतं. त्यावर तिथे कर लागत नाही, पण कराचा दर ठरवायला ते धरतात. जानेवारी ते ऑगस्टचा पगार दोन वेगवेगळ्या फॉर्म १६ मध्ये विभागलेला असतो, म्हणून महिन्याची पगारपत्रकं पीडीएफमध्ये ठेवा. नोकरी सोडल्यावर कंपनीचं पोर्टल बंद होतं, मग मागत फिरावं लागतं.

ब्रिटनचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल, आणि वर्षाच्या मध्ये आलेल्यांसाठी तिथे वर्षाचे दोन भाग पाडायची सोय आहे. भारतात तशी सोय नाही. इथे अख्खं वर्ष एक तर रेसिडेंट, नाहीतर नॉन-रेसिडेंट. अमेरिकेत एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना कमाई नसली तरी फॉर्म ८८४३ पाठवावा लागतो.

बँक, पॅन आणि ते जुनं सिमकार्ड

बँकेचा नियम वेगळा आहे, तो आयकराशी गल्लत करू नका. परकीय चलनाच्या कायद्यात, म्हणजे फेमामध्ये, नोकरीसाठी गेलेला माणूस गेल्या दिवसापासून अनिवासी. रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्ये परदेशी शिकणाऱ्यांनाही त्यात धरलंय. म्हणजे आपली विद्यार्थिनी बँकेसाठी अनिवासी आणि आयकरासाठी निवासी, दोन्ही एकाच वेळी. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ करून घ्या. एनआरओच्या व्याजावर सेस धरून ३१.२ टक्के टीडीएस कापतात. जास्त कापला गेला असेल तर तोही रिटर्न भरूनच परत मिळतो.

आणि सिमकार्ड! रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखं. आधारचा ओटीपी भारतातल्या नंबरवरच येतो. नेटबँकिंगनं व्हेरिफाय होतं, किंवा सही केलेला आयटीआर-व्ही बंगळुरूला टपालानं पाठवता येतो. पण सगळ्यात सोपं म्हणजे तो नंबर चालू ठेवणं. घरच्यांना रिचार्जची तारीख सांगून ठेवा.

थोडक्यात क्रम असा. आधी दिवस मोजा. मग कारण बघा, नोकरी की शिक्षण. मग पोर्टलवर एआयएस आणि २६एएस उघडून काय-काय कापलं गेलंय ते बघा. परदेशी खात्यांची यादी काढा. मग आयटीआर-२. नेहमीची मुदत ३१ जुलै. २०२५ मध्ये ती वाढून १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, पण दरवर्षी वाढेल या भरवशावर राहू नका. उशीर झाला तर ५,००० रुपयांपर्यंत लेट फी, आणि उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

ज्यांचं अजून जायचं ठरतंय, त्यांनी तिकीट काढण्याआधी कॅलेंडर उघडून १ एप्रिलपासूनचे दिवस मोजा. कंपनी रुजू व्हायची तारीख मागेपुढे करायला तयार असेल, तर तो एक फोन हजारो रुपयांचा ठरू शकतो.

तुमच्या ओळखीत कोणी यंदा बाहेर गेलं असेल, तर हा भाग त्याला पाठवा. आणि त्याच्या वडिलांनाही. भेटू पुढच्या भागात, तोवर राम राम!